तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

माघ-फाल्गुनात उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली, की आमच्या पेढीच्या काचेच्या दाराबाहेर चपलांची रांग लागते. चपला काढण्याची आवश्यकता नाही, असे सांगण्याचा प्रयत्न मी पहिली काही वर्षे केला. पुढे तो सोडून दिला, कारण तीन-चार हंगामांचा घाम ज्या वस्तूत ओतावयाचा तिच्यापुढे अनवाणी उभे राहावे, असे ज्याला आतून वाटते त्याला अडवण्याचा अधिकार मला नाही, असे माझ्या मनाने घेतले. अशी माणसे एकेकटी येत नाहीत. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, गाड्यांच्या बाबतीत ज्याचा शब्द गावात प्रमाण मानला जातो असा एखादा ड्रायव्हर, मोबाइलवर सर्व माहिती आधीच गोळा करून आलेला कॉलेजातला मुलगा, आणि क्वचित या सर्वांच्या मागे पदर सावरीत उभी असलेली म्हातारी आई, असा तो पाच-सहा जणांचा मेळा असतो. आणि कोणती गाडी घ्यावयाची हे घरीच ठरलेले असल्यामुळे माझ्यापुढे जो प्रश्न येतो तो एवढाच असतो, की तिचे कोणते मॉडेल घ्यावे.

या एवढ्याशा प्रश्नावर माझी तीस वर्षे गेली. टाटांची सुमो बाजारात आली त्या १९९४ साली मी सोलापुरातील एका पेढीत बिले लिहिणारा कारकून म्हणून रुजू झालो. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्या गाडीचे नामकरण झाले आहे, हे मला तिथल्या जुन्या फोरमनने पहिल्याच आठवड्यात मोठ्या अभिमानाने सांगितले होते. पुढे मी विक्रीकडे आलो, दोन पेढ्या बदलल्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या विकल्या. पण गिऱ्हाइकासमोर किंमतसूची पसरून बसण्याचे काम तेच राहिले. त्या वेळी ती सूची एका पानात मावत असे. मोहोळ, बार्शी, सांगोल्याकडचा माणूस आला म्हणजे तो दोनच गोष्टी विचारी, माणसे किती बसतात आणि ॲव्हरेज किती पडते. गाडी घरची असो की वडापाची, याहून अधिक तपशिलात शिरण्याचे त्याला कारण नसे, आणि एसी हवा की नको, एवढे विचारून झाले की मलाही पुढे विचारण्यासारखे काही उरत नसे.

आज एकाच गाडीची सूची उलगडली तर टेबल पुरत नाही. डिझेल की पेट्रोल, हाताचे गिअर की ऑटोमॅटिक, दोन चाकांना ताकद की चारही चाकांना, पाच आसने, सहा की सात, आणि या प्रत्येकाच्या पोटात पुन्हा झेड टू, झेड फोर, झेड सिक्स, झेड एट अशी किंवा स्मार्ट, प्युअर, ॲडव्हेंचर, अकम्प्लिश्ड अशी चढती भाजणी. कंपनी किती का नावे देईना, आमचे गिऱ्हाईक या सर्वांची वाटणी बेस, मधले आणि टॉप या तीन शब्दांत करून मोकळे होते, आणि मला ती वाटणी अधिक शहाणपणाची वाटते.

एकाच सांगाड्याला निरनिराळी नावे आणि निरनिराळा साज देऊन विकण्याची ही रीत आजची नव्हे, हे मला एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितले, आणि ते ऐकताना विशेष आनंद एवढ्यासाठी झाला, की त्या कथेचा नायक आमच्या सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या मोटारी बाहेर काढल्या त्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा निरनिराळ्या नावांनी रस्त्यावर आल्या असल्या, तरी त्यांचा मूळ देह बराचसा एक होता आणि भेद प्रामुख्याने बाह्य शृंगाराचा होता. ज्या गावाने देशाला मोटारीचा कारखानदार दिला, त्या गावात बसून मी मोटारी विकतो, ही गोष्ट मला कामाच्या रगाड्यातही अनेकदा आठवते आणि बरे वाटते.

आकाराच्या बाबतीत माणसाची नजर फार लवकर फसते. टाटांच्या हॅरिअर आणि सफारी या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर पाहणारा म्हणतो की दुसरी पुष्कळ मोठी आहे. परंतु पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर दोहोंतही २७४१ मिलिमीटरच आहे, आणि लांबीतील फरक अवघा ६३ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच इंचांचा. एका गाडीत पाच जण बसतात, दुसरीत सात. मग ती जादा दोन माणसे कुठून आली? ती अडीच इंचांतून आली नाहीत. छप्पर मागे उंच ठेवले आणि डिकीच्या जागेवर तिसरी रांग मांडली, म्हणून आली. हे मी गिऱ्हाइकाला मागचे दार उघडून दाखवितो. तिसरी रांग उभी केली, की पंढरपूरच्या एका मुक्कामाच्या पिशव्या ठेवण्याससुद्धा जागा राहत नाही. बॅगा ठेवल्या तर माणसे उतरवावी लागतात. महिंद्राची जुन्या घडणीची स्कॉर्पिओ आणि २०२२ साली आलेली स्कॉर्पिओ-एन यांच्यातही असेच आहे. नवी गाडी सुमारे वीस सेंटिमीटर लांब, जवळजवळ चार इंच रुंद, पण उंचीने कमी; आणि जुनीच्या नऊ आसनांच्या मॉडेलात मागची माणसे आडव्या बाकांवर समोरासमोर गुडघे लावून बसतात, ती व्यवस्था नवीत नाही. शेतावर मजूर पोहोचवावयाचे असतील तर जुनी सोयीची, असा हिशेब माणसे करतात. त्या आडव्या बाकांवर शाळेची मुले बसणार असतील, तर मात्र मी स्पष्ट शब्दांत नको म्हणतो.

सरकारही गाडीकडे फूटपट्टी घेऊनच पाहते. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आत बसणाऱ्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून ४००० मिलिमीटर ही रेघ मोटारींच्या जगात एखाद्या सरहद्दीसारखी झाली. २०१६ साली बोलेरोचे जे नवे रूप आले त्यात तिची लांबी ४१०७ मिलिमीटरवरून ३९९५ वर आणली होती. आतील सात आसने होती तितकीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा ही सरहद्द अधिकच ठळक झाली. त्याशिवाय आपल्या राज्याचा वाहन कर आहे. डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३, वीस लाखांपर्यंत १४ आणि त्यापुढे १५ टक्के, असा तो चढत जातो. म्हणजे मधल्या मॉडेलवरून टॉप मॉडेलवर जाताना किंमत वीस लाखांच्या पलीकडे गेली, तर वाढीव रकमेवरच नव्हे, सबंध किमतीवर एक टक्का अधिक भरावा लागतो. एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश झालेला माणूस ऑन रोड आकडा ऐकताच गप्प होतो तो यामुळे. हे गणित मी आता पहिल्याच बैठकीत कागदावर मांडून देतो, मग गिऱ्हाईक उठून गेले तरी चालेल.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. दाजी पेठेतील चादरींच्या धंद्यातले एक कुटुंब. तीन पिढ्या एका वाड्यात. त्यांनी रुंद बांध्याची मोठी गाडी, तिचेही टॉप मॉडेल, दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यावयाचे ठरविले, आणि मी तितक्याच उत्साहाने ती दिली. झेंडूच्या माळा घातलेली ती गाडी घेऊन मी स्वतः त्यांच्याबरोबर निघालो. बोळाच्या तोंडाशी एका बाजूस घराचा ओटा आणि दुसऱ्या बाजूस नळाचा कट्टा होता, आणि त्या दोहोंच्या मधून वळण घेताना पुढचे चाक आत जाई पण मागची कूस ओट्याला लागे. चार वेळा मागे-पुढे केले. शेजारची मुले ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून हात हलवीत होती. अखेरीस वाड्यातल्या वृद्ध आजोबांनी काठी टेकीत बाहेर येऊन सांगितले, “राहू द्या ओ. आरती हितंच आणतो.” उंबरठ्यासमोर व्हावयाची ती ओवाळणी चौकात, रिक्षांच्या गर्दीत झाली. पुढे वर्षभर ती गाडी एका नातेवाइकाच्या मोकळ्या जागेत उभी राहत असे आणि प्रवासाच्या दिवशी कोणीतरी स्कूटरवरून जाऊन ती घेऊन येई. त्या कुटुंबाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु माहितीपत्रकात छापलेली रुंदी आरसे वगळून असते, बाजूचे दोन आरसे उघडले की गाडी आणखी वीतभर पसरते, हे मला ठाऊक असूनही मी त्यांना विचारले नव्हते की तुमचा बोळ किती रुंद आहे. तेव्हापासून माझ्या खिशात मोजण्याचा टेप असतो. साखर पेठ असो, मंगळवार पेठ असो, बयाणा घेण्यापूर्वी मी घरापर्यंत जाऊन येतो आणि बोळाचे तोंड, फाटक व वळण हे तिन्ही मोजून वहीत टिपतो.

दुसरा प्रसंग मंगळवेढ्याकडच्या एका घरचा. ज्वारीची काळी जमीन, थोडा ऊस, दोन भाऊ, त्यांच्या बायका, तीन मुले आणि आई. सात आसनांच्या गाडीचे टॉप मॉडेल त्यांनी निश्चित केले होते. सनरूफ उघडून-मिटून पाहून झाले होते, थोरल्याने खिशातून पैशांचे पुडके बाहेर काढले होते. मी माझ्या सवयीप्रमाणे विचारले, “तिसऱ्या रांगेत कोण बसणार?”

“आई बसंल की, नाहीतर पोरं,” थोरला म्हणाला.

मी आईंना विनंती केली की एकदा बसून पाहा. मधल्या रांगेतील बाक दुमडून पुढे केला. आईंनी एक हात दाराच्या चौकटीला आणि एक धाकट्याच्या खांद्याला लावला, पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोहोचला, पण लुगड्याचा घोळ आसनाच्या लोखंडी खाचेत अडकला. सुनेने तो सोडविला. वाकून, जवळजवळ हातांवर चालत त्या आत गेल्या. बसल्यावर त्यांचे गुडघे छातीपाशी आले, कारण त्या जागी बैठक खाली आणि पायांखालची जमीन वर असते. शेजारच्या अरुंद काचेतून त्यांनी बाहेर पाहिले. शोरूममध्ये त्या क्षणी कोणीच बोलत नव्हते.

“बरं हाय की,” त्या म्हणाल्या. “किती येळ बसायचं असतंय?”

“पंढरपूर, तुळजापूर… दीड-दोन तास, आये,” धाकटा म्हणाला.

“मग मी आपली एसटीनं येते. मला तिकीट बी पडत न्हाई.” पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ते त्या सांगत होत्या, त्यात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती, मुलांची अडचण दूर करण्याची एक साधी तजवीज होती. थोरल्याने पैशांचे पुडके परत खिशात ठेवले.

आठ दिवसांनी ते दोघे भाऊ पुन्हा आले. त्यांनी तीच गाडी घेतली, पण मधले मॉडेल. वाचलेल्या पैशांतून दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या बसवून घेतल्या, आणि मधल्या रांगेतील दाराकडची जागा आईची, असे माझ्यासमोर ठरविले. तिसरी रांग मुलांकडे गेली. गाडी न्यावयास आले त्या दिवशी आई सर्वांत आधी चढून बसल्या होत्या.

टॉप मॉडेलविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यातील काही गोष्टींचे मोल मी जाणतो. पण मागच्या माणसापर्यंत थंड हवा पोहोचविणारी व्यवस्था आणि छपरावर उघडणारी काच यांतून एकच परवडत असेल, तर सोलापूरकराने क्षणाचाही विचार करू नये. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. सनरूफवाल्या कितीतरी गाड्या सर्व्हिसिंगला येतात तेव्हा त्या काचेचा पडदा घट्ट ओढलेला मी पाहतो, आणि उघडतो तो केव्हा, तर लग्नाच्या वरातीत मुलांना त्यातून उभे करण्यासाठी. ते दृश्य पाहून माझ्या पोटात गोळा येतो. चाकांचेही असेच. वरच्या मॉडेलला अठरा इंची मॅगव्हील येते, खालच्याला सतरा इंची. मोठे चाक दिसते देखणे, पण शेतरस्त्यावर टायरची कड जितकी जाड तितके बरे, आणि टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे दोहोंच्या किमतीतील अंतर कळते. चारही चाकांना ताकद देणारे मॉडेल मागणारे शेतकरी पुष्कळ असतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की पावसाळ्यात आपली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसली, की चाक गुळगुळीत होते, आणि मग दोनाऐवजी चार चाके जागच्या जागी फिरू लागतात; ट्रॅक्टर आणि दोरखंड यांना पर्याय नाही. नदीकाठच्या वस्तीवर बारमाही राहणाऱ्याने ते मॉडेल अवश्य घ्यावे. इतरांनी ते पैसे दुसरीकडे लावावेत.

कुठे लावावेत, हेही सांगतो. काही गाड्यांत खालच्या मॉडेलला कायद्याने सक्तीच्या केलेल्या दोनच एअरबॅगा येतात आणि सहा हव्या असतील तर वर चढावे लागते. काहींत सहाही सर्व मॉडेलांत आहेत. हा फरक कोणी विचारीत नाही. २०२३ साली भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या निकालांत हॅरिअर व सफारी या दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले; त्याआधी २०२२ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपकडून स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले होते. गिऱ्हाईक तारे विचारते, हा मोठा बदल आहे आणि मला त्याचे समाधान आहे. परंतु चाचणीच्या गाडीत एअरबॅगा किती होत्या आणि आपण घेत असलेल्या मॉडेलात किती आहेत, ही रुजवात करूनच तारे मोजावेत. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. तरी नव्या गाडीला सीट कव्हर घालताना मागच्या पट्ट्यांची कुलपे कव्हरखाली दाबली जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. गाडी ताब्यात देताना, हार घालण्यापूर्वी, मी मागे वाकून ती प्रत्येक रांगेतून बाहेर काढतो. माझे तरुण सहकारी म्हणतात, हे काम आपले नव्हे. माझ्या मते ते माझ्या कामातले पहिले आहे.

लहान गाडीचे टॉप मॉडेल घ्यावे की तेवढ्याच पैशांत मोठ्या गाडीचे मधले, हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा दुसरा कोणताही विचारला गेला नसेल. महिन्यातून एकदा तरी पाचाहून अधिक माणसे खरोखर एकत्र प्रवास करीत असतील, तर मोठ्या गाडीचे मधले मॉडेल. नसतील, तर लहान गाडी आणि तिच्यात सुरक्षिततेचे जे जे मिळते ते सर्व. लग्नसराईतल्या दोन दिवसांसाठी वर्षभर रिकामी तिसरी रांग ओढीत फिरू नये. त्या दोन दिवसांना भाड्याची क्रूझर मिळते. आणि टॉप मॉडेलसाठी कर्जाची मुदत पाचावरून सात वर्षांवर नेऊ नये. बँकेचा हप्ता दरमहा येतो आणि ऊस दरसाल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे असा कायदा असला, तरी त्या भरवशावर हप्त्याची तारीख बांधून घेणाऱ्यांची ओढाताण मी पाहिली आहे. आरसी बुकावरचा बोजा उतरल्याचा कागद हातात घेऊन जो माणूस पेढे घेऊन येतो, त्याची गाडी कोणत्या मॉडेलची आहे हे मला त्या वेळी आठवतही नाही.

तेव्हा, गाडी घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शोरूमच्या थंडाव्यात, पुढच्या आसनावर बसून मॉडेल ठरवू नका. एखाद्या वैशाखातल्या दुपारी दोन वाजता या, घरातल्या सर्वांना आणा, टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा, चालविण्याचे काम दुसऱ्याकडे द्या आणि कुटुंबप्रमुखाने स्वतः तिसऱ्या रांगेत बसून अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घेऊन यावे. अक्कलकोट इथून सुमारे चाळीस किलोमीटर आहे. जाऊन येण्यास एक दुपार पुरते.